सतवासचे हत्ती आणि देवासचे पाणी

देवास येथील आमच्या वाड्याचा मागील सोपा २०१९ च्या पावसात खचला आणि तो उतरवून घेण्यावाचून इलाज उरला नाही. मिस्त्रीने एकेक लाकूड काढून अंगणात मांडले. १४ खांब निघाले आणि दोन तुळया. सगळे सागवान. मोठी तुळई आम्ही स्वतः मोजली. २२ फूट लांब, आणि अंगी एक गाठ नाही. इंदूरहून जुन्या लाकडाचा व्यापारी आला होता. तुळईवरून हात फिरवीत तो म्हणाला, “साहब, ऐसा माल अब जंगल में नहीं मिलता, मराठों के बाड़ों में मिलता है.” तो कौतुकाने बोलला. आम्ही मात्र त्या रात्री बराच वेळ जागे होतो.

वाडा आमच्या खापरपणजोबांनी बांधला, अशी घरची समजूत आहे. ते थोरल्या पातीच्या दप्तरात कारकून होते. वास्तुशांतीस किती पाने उठली, कोणत्या गावचे भटजी आले, हे सर्व आमच्या आत्याबाईंना तोंडपाठ होते. लाकूड कोठून आले हे मात्र घरात कोणास कधी विचारावेसेही वाटले नाही. देवासच्या उघड्या काळ्या पठारावर असा साग होत नाही. तो दक्षिणेकडून, बागली-कन्नोदकडील विंध्याच्या रानातून गाड्यांवर घालून आणला असला पाहिजे. या एका तर्कावरून आमचे वाचन सुरू झाले, आणि नोकरीत ३८ वर्षे ज्या मुलखात फिरलो तो मुलूख आम्ही पुन्हा नव्याने पाहू लागलो.

प्रथम जमिनीची ठेवण सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. मालव्याचे पठार दक्षिणेस उंच आणि उत्तरेस उतरते आहे. दक्षिण कडेला विंध्याची धार. तिच्यापलीकडे जमीन एकदम नर्मदेच्या खोऱ्यात कोसळते. आपल्या नद्या या धारेच्या अलीकडे जन्मतात आणि नर्मदेकडे पाठ करून उत्तरेस जातात. चंबळ महूजवळच्या जानापावहून निघते, क्षिप्रा इंदूरजवळच्या टेकड्यांतून, कालीसिंध बागलीच्या डोंगरातून. मही धार जिल्ह्यातील सरदारपूर तहसिलीत उगम पावते आणि थोडे उत्तरेस जाऊन मग गुजरातेकडे वळते. घराचे आढे जसे, तशी ही धार. आढ्यावरची कौले निघाली तर खालच्या कोणत्याही खोलीत निवांत राहता येत नाही.

शिवाय आपला खडक काळा पाषाण. तो रेताड जमिनीसारखे पाणी पोटात साठवीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेथे ते पोचते केवळ सावकाश. डोंगरावर पालापाचोळा असला, मुळांनी माती धरलेली असली, तर आषाढातला पाऊस झिरपत झिरपत माघ-फाल्गुनापर्यंत ओढ्यांना पुरतो. डोंगर उघडा असला तर तोच पाऊस चार तासांत नदीला लाल पूर आणून निघून जातो. वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या देवासला पाण्याचा दुष्काळ कसा, याचे पुष्कळसे उत्तर येथे आहे. जंगल गेल्याने आपल्याकडे पाऊसच कमी झाला, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. आम्ही तितके ठाम बोलणार नाही. पडलेला पाऊस राहीनासा झाला, एवढे मात्र डोळ्यांनी दिसते.

आता सतवासकडे वळू. देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे गाव. आमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेही नसेल. १५९० च्या दशकात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त रानटी हत्ती कोठे कोठे सापडतात याची यादी दिली आहे. माळव्याच्या सुभ्यात हंडिया, बीजागढ यांच्याबरोबर सतवासचे नाव त्यात आहे. ज्या सतवासच्या आठवडी बाजारात आज सोयाबीनची पोती मोजतात, तेथे सव्वाचारशे वर्षांपूर्वी हत्तींचे कळप होते. हत्ती हा थोडक्यावर भागणारा प्राणी नव्हे. त्यास बारमाही पाणी लागते, बांबू लागतो, सलग पसरलेले रान लागते. त्या एका नोंदीवरून त्या काळच्या जंगलाचा अदमास येतो.

१६१७ मध्ये जहांगीर मांडवगडावर कित्येक महिने मुक्कामास होता. नूरजहानने हत्तीवरच्या हौद्यातून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या अभिमानाने नोंदविले आहे. त्याच मुक्कामात असलेला इंग्रज वकील सर टॉमस रो मात्र पाण्याच्या टंचाईने हैराण झाला होता. जहाज महालाच्या दोन बाजूंस मुंज तलाव आणि कपूर तलाव, गडभर टाकी आणि विहिरी, भोवती किर्र रान. तरीही बादशाही लवाजम्यापुढे सर्व अपुरे पडले. जंगल आहे तेथे पाणी आहे, इतके हे गणित सरळ नाही. माणसे किती आणि त्यांची मागणी किती, हा हिशेब तेव्हाही होता.

त्यानंतरची दोनशे वर्षे जंगल एकसारखे घटतच गेले, असेही नाही, आणि हा भाग आपल्या मंडळींस ऐकावयास थोडा जड जाईल. १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांनी गिरधर बहादुरास पाडले, पवारांच्या शाखा धार आणि देवास येथे स्थिरावल्या, हा इतिहास वाचकांस पाठ आहे. पण शतकाच्या अखेरीपासून १८१८ पर्यंत शिंदे-होळकरांच्या आपसांतील लढाया आणि पेंढाऱ्यांची धाड यांनी माळवा उजाड झाला, आणि उजाड झालेल्या गावांवर जंगल परत चढले. सर जॉन माल्कमने आपल्या ग्रंथात लिहिले आहे की परतलेल्या रयतेस आपल्या शेतांसाठी वाघांशी झगडावे लागले. नालछ्यास त्याने एका पडक्या महालात बिऱ्हाड केले, तेव्हा आधी तेथून वाघीण आणि तिचे बछडे हुसकावावे लागले, असे सांगतात. पेंढाऱ्यांचा पुढारी चितू याचे ठाणे नेमावर-सतवासच्याच मुलखात होते. १८१९ मध्ये इंग्रजांच्या पाठलागातून सुटून तो कांटाफोडच्या जंगलात शिरला. पुढे त्याचा खोगीर घातलेला घोडा मोकळा चरताना सापडला, आणि माग काढता काढता वाघाने खाल्लेल्या चितूचे अवशेष मिळाले. ते रान घनदाट होते खरे. पण त्यातले बरेचसे माणसांच्या दुर्दैवावर वाढलेले होते. जुन्या जंगलाच्या आठवणीने गहिवरताना हे विसरू नये.

त्यामुळे १८१८-१९ च्या तहांनंतर शांतता होताच प्रत्येक दरबाराची पहिली चिंता एकच झाली: पडीक गाव वसवा, जमीन उठवा, वसूल वाढवा. त्यात गैर काय होते? रयत परत येत होती, तिला पोट होते. कमाविसदार आपलेच, कारकून आपलेच. जंगल तोडून नांगरटीखाली आलेला प्रत्येक बिघा हा कर्तबगारीचा पुरावा मानला जाई. त्यावर अफूचे पीक आले. मालवी अफू मुंबईमार्गे चीनला जाई आणि दरबारांच्या व सावकारांच्या तिजोऱ्या भरी. अफूस विहिरीचे पाणी लागते, म्हणून विहिरी वाढल्या. पाणी उपसले किती याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण त्या काळी विहीर आटेल असे कोणास वाटतच नव्हते. माळव्याच्या सुपीकपणाची, पावलोपावली पाणी असल्याची जी म्हण आहे, ती आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत लोक विनासंकोच सांगत.

संस्थानी दप्तरात जंगलाचे एक सदर असे. जमेच्या बाजूस लाकूड, गवताचे बीड, डिंक, लाख, मध, मोह, वनचराई. खर्चाच्या बाजूस चौकीदारांचे पगार. आम्ही स्वतः महसूल खात्यात होतो, म्हणून या मांडणीकडे पाहून आम्हांस हसू आले नाही. आमच्या नोंदवह्याही याच पद्धतीच्या होत्या. ओढा जानेवारीत आटू लागला तर तो खर्च कोणत्या सदरात घालावयाचा, यास ना तेव्हा रकाना होता ना आमच्या काळात.

१८६४ मध्ये ब्रँडिस हा हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, १८७८ चा जंगल कायदा आला, आणि ब्रिटिश मुलखाच्या धर्तीवर संस्थानांतही जंगलखाती निघाली. कारण मुख्यतः रेल्वे. एका मैलाच्या रुळांखाली १७०० ते २००० लाकडी पाट्या लागत आणि त्या बारा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागत. आपल्याकडे तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि १८७० च्या दशकात खंडव्याहून इंदूरकडे येणारा लोहमार्ग पाताळपाणीच्या घाटातून विंध्य चढला. जंगल राखावयाचे ते पुढील तोडीसाठी, हा या खात्यांचा हेतू होता. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याने डोंगर बंद केल्यामुळे शेतकऱ्यांचे काय झाले हे स्पष्ट मांडले आहे. डोंगरावरचा पालापाचोळा कुजून खालच्या शेतास मिळतो, ही गोष्ट त्यांनी जितकी नेमकी ओळखली तितकी आमच्या काळच्या कित्येक अधिकाऱ्यांनाही उमगली नव्हती. आम्हांलाही नव्हती.

या व्यवहारात भिल्ल, भिलाला, कोरकू कोठे बसत? दरबाराच्या कागदांत ते बहुधा ‘उपद्रव’ या अर्थाने येतात. घाटवाटांवरचे त्यांचे हक्क हळूहळू रोख रकमेत बदलले, सरदारपूरला भिल्ल पलटण उभी राहिली, जाळून पेरण्याची शेती बंद झाली. मग विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा काळ पडला. माळव्यास दुष्काळ माहीत नाही, ही समजूत त्या एका वर्षाने पुसली. धार संस्थानची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत १,४२,११५ भरली. दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांची घट. पाऊस पडला नाही तो जंगलतोडीमुळे, असे आम्ही म्हणत नाही. पण उपासाच्या दिवसांत कंद, मोह, चारोळी यांवर तग धरणाऱ्या माणसांस ज्या रानाचा आधार असे, ते रान तोवर आक्रसले होते, आणि जे उरले त्यात शिरण्यास चौकीदाराची परवानगी लागे. त्या वर्षी मरणाचा भार भिल्लांवरच अधिक पडला.

स्वातंत्र्यानंतरचे थोडक्यात सांगतो. १९४८ मध्ये मध्यभारत झाले, १९५१ मध्ये जहागिरी संपविणारा कायदा आला, आणि तो अमलात येण्यापूर्वी अनेक ठिकाणी हाती असलेले रान विकून टाकण्याची घाई झाली. त्या घाईत आपली माणसे नव्हती असे म्हणता येणार नाही. ज्या वर्षी मध्यभारत झाले त्याच वर्षी कुमार गंधर्व क्षयावर उपचार म्हणून देवासच्या कोरड्या हवेत राहावयास आले, आणि पुढे मालवी लोकगीतांतून त्यांनी पावसाची, शेतावाटांची गाणी वेचली. त्यांच्या डोळ्यांदेखत हे गाव बदलले. १९७४ मध्ये बँक नोट प्रेस आला, पाठोपाठ कारखाने आले. रोजगार वाढला, याबद्दल तक्रार नाही. त्याच सुमारास सोयाबीन आले. पूर्वी पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून तिच्या ओलीवर कोरडवाहू गहू घेत. आता दोन पिके, आणि दुसऱ्यासाठी नळकूप. बांधावरचे आंबे, बाभळी, मोह ट्रॅक्टरच्या आड येऊ लागले.

येथे आमचा स्वतःचा संबंध येतो. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत झाडे तोडण्याबद्दल कलम २४० आणि २४१ आहेत. नायब तहसीलदार म्हणून आणि पुढेही, खासगी जमिनीवरील झाडे तोडण्याचे अर्ज आमच्या टेबलावरून जात. कागद पुरे असत, पटवाऱ्याचा अहवाल असे, आम्ही सही करीत असू. एका डोंगराळ तहसिलीत अशा सहा-सात सह्या एकाच टेकडीच्या निरनिराळ्या तुकड्यांवर झाल्या, हे आमच्या ध्यानात आले ते दोन वर्षांनी, त्या वाटेने जीपने जाताना, टेकडी बोडकी दिसली तेव्हा. एकही परवाना बेकायदा नव्हता. खालच्या पाड्यावरील म्हातारा भिल्ल आम्हांस ओळखून जीपजवळ आला. त्याने तक्रार केली नाही. “साब, झिरो सूख गयो,” एवढेच म्हणाला. झिरा म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा झरा. त्यावर त्या पाड्याची सतरा घरे पाणी भरीत. आम्ही हातपंपाचा प्रस्ताव पाठविला. तो मंजूर झाला, बोअर कोरडी गेली.

१९९० च्या उन्हाळ्यात देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले. स्टेशनावर रांगा लावून उभी असलेली माणसे आम्ही पाहिली आहेत; त्यांत आमचे काकासाहेबही होते, डोक्यावर पगडीवजा टोपी आणि हातात दोन कळशा. अनुपम मिश्र यांनी १९९३ च्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात या प्रसंगाची नोंद केली आणि दोष बुजविलेल्या तलावांवर व बेसुमार नळकूपांवर ठेवला. ते बरोबरच आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की तलाव आणि नळकूप ही खालची गोष्ट झाली. वरची, आढ्याची गोष्ट त्याआधी शंभर वर्षे घडत आली होती.

आणि ज्यांच्या पाड्याचा झरा आटला ते कोठे गेले? मुरमाड उतारावर पावसाळी मका निघाला की दिवाळीनंतर गाव रिकामे होते. होळीस, भगोरियास लोक परततात. धार, झाबुआ, अलीराजपूरकडील पुष्कळ जण गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते आणि तिशीतला तरुण दोन-तीन वर्षांत संपतो. त्यास सिलिकोसिस म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश गुजरात सरकारास दिला. हे जंगलतोडीचे बळी, असे कोणी कोणत्या नोंदीत लिहिलेले नाही. मृत्यूचे कारण धूळ. पण ते तेथे का गेले, हे विचारले की रस्ता त्या कोरड्या झऱ्यापाशीच येतो.

जगात अन्यत्र हेच मोठ्या मापाने झाले आहे. १८०० मध्ये हुंबोल्टने व्हेनेझुएलात व्हालेन्सियाचे सरोवर आटताना पाहिले आणि भोवतालची तोड हे त्याचे कारण सांगितले. १९७० च्या दशकात सालाती या ब्राझिली शास्त्रज्ञाने दाखविले की ॲमेझॉनच्या वर्षावनातील सुमारे निम्मा पाऊस ते रान स्वतःच परत आकाशात पाठवीत असते. आपले रान वर्षावन नव्हे, उन्हाळ्यात पाने झडणारे सागाचे रान आहे. त्याचा एक गुण ॲमेझॉनच्या झाडांपेक्षा अधिक आहे: साग तोडला तरी बुंध्यातून फुटतो. गुरे आणि आग आवरली तर दहा-बारा वर्षांत टेकडीचा रंग बदलतो. खिवनी अभयारण्याकडील काही उतारांवर आम्ही तो पाहिला आहे.

मैदानात २००६ पासून उमाकांत उमराव या जिल्हाधिकाऱ्यांच्या काळात भगीरथ कृषक अभियान चालले. शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीत ‘रेवा सागर’ नावाने तळी खोदली, काही हजार. ज्यांनी खोदली त्यांचा गहू वाचला. दुसरीकडे २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी सुमारे ३५० मीटर वर उचलून क्षिप्रेत सोडले गेले. आढ्याच्या पलीकडच्या नदीचे पाणी विजेने चढवून अलीकडच्या नदीत! सिंहस्थाचे स्नान त्यात होते. उपयोग नाकारीत नाही. विजेचे बिल कोणत्या सदरात पडते, याची उत्सुकता मात्र जुन्या सवयीने वाटते.

वाड्याकडे परत येतो. ती तुळई आम्ही विकली नाही. सोपा उतरविताना कोनाड्यातून कागदांचा एक रुमाल निघाला. बरेचसे वाळवीने खाल्लेले. पण मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी एक तुकडा लावून दिला. सन फाटून गेला आहे. सागवान नग, कांटाफोडाहून; गाडीभाडे; जकात; आणि शेवटी कोरकू असामी ९, तोड व ओढ, यांस तंबाखू व गूळ. रोख रकमेचा रकाना त्या ओळीपुढे कोरा आहे.

वाचकांस एक विनंती. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली जे सामुदायिक दावे होतात त्यांच्या पुराव्यांत, नियमाप्रमाणे, पूर्वीच्या संस्थानांचे हक्क-सवलतींचे कागद धरले जातात. रानातल्या माणसांपाशी कागद नसतो. तो आपल्या घरांत आहे, कारण लिहिणारे आपण होतो. कोणत्या पाड्यास चराई होती, कोणाचा मोह कोणत्या बीडात होता, कोणत्या झऱ्यावर कोणाचे निस्तार होते, अशी नोंद असलेला एखादा रुमाल माळ्यावर पडला असेल तर रद्दीवाल्यास देण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात दाखवावा. मोडी वाचून देण्यास दर गुरुवारी सायंकाळी दोन जण बसतात. त्यांतील एक आम्ही.